दिव्याखालचा अंधार



अकोल्याजवळ पारसला 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठेस 270 मेगावॅटचे पाच. तरीही आपल्या जिनात नि डाळमिलीत वीज मध्येच जाते. कारण केंद्रात निर्माण झालेली वीज शेजाऱ्याची म्हणून आपल्याला मिळत नाही. ती सर्व राज्याच्या जाळ्यात जाते आणि गावच्या फीडरवाटे, रोहित्रावाटे परत येते. उन्हाळ्यात भार चढला की हाच शेवटचा दुवा तुटतो. मग तूर वाळवणीच्या मध्यावर अडकते, जिनाच्या दारी कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो. 2005 नंतरच्या भारनियमनाची वर्षे आपण विसरलेलो नाही.

आपल्या आजोबांच्या काळी असे नव्हते. 1867 साली लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडात जिन-प्रेस उभे राहिले, तेव्हा शक्ती कारखान्याच्या आवारातच होती: स्वतःचा बॉयलर, स्वतःचे वाफेचे इंजिन. पुढे तारेची वीज स्वस्त व सोयीची ठरली आणि ती सवय मोडली. वाफेकडे परत जा, असे आम्ही म्हणत नाही. तथापि 2003 च्या वीज कायद्याने स्वतःपुरती वीज निर्माण करण्यास परवान्याची अट ठेवलेली नाही, हे ध्यानात घ्यावे.

येथे एका गैरसमजाविषयी सावध करणे आम्हांस अवश्य वाटते. पत्र्यावर सौरपट्ट्या बसवल्या म्हणजे वीज गेल्यावरही यंत्रे चालतील, असे पुष्कळांना वाटते. साधी सौरयोजना तारेतील वीज जाताच आपणहून बंद होते. तसे न झाले तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. म्हणून तारेपासून वेगळे होऊन चालणारा इन्व्हर्टर व बॅटरी, किंवा डिझेल जनित्राशी मेळ घालणारी रचना, खरेदीपूर्वीच मागून घ्यावी.

सगळा कारखाना बॅटरीवर चालवण्याचा हट्टही धरू नये; तो खर्च झेपायचा नाही. आधी भारांची वाटणी करा. दिवे, वाळवणीचे पंखे आणि आगीचा पंप यांना खंड पडता कामा नये. जिनाची मोटार तासभर थांबली तरी चालेल. बॅटरी मात्र कापसाच्या गंजीपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावी.

ही वाटणी कागदावर मांडायला एक दुपार पुरे. ती मांडल्यावाचून कोणतेही यंत्र विकत घेऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.