दुष्काळांतील दाणा व पाणी
(समितीच्या नाशिक येथील सभेंत देणगीदारांसमोर केलेलें भाषण)



समितीची हांक ऐकून नाशिकच्या व्यापारी व जमीनदार मंडळींनीं हात आंखडला, असें आजवर झालें नाहीं. म्हणूनच आज देणगी किती यापेक्षां देणगी कशी, याविषयीं थोडें बोलण्याची परवानगी मागतों. उपाशी माणूस सर्वांस दिसतो. परंतु मिळालेल्या अन्नपाण्यानेंच जो खंगतो, तो कोणत्याही अहवालाच्या हिशेबांत येत नाहीं.

प्रथम दाण्याचें पाहूं. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजरातेंतील पंचमहाल या भागांत मक्याच्या पिकावर अवेळीं पाऊस झाला. ओला मका तसाच सांठविला गेला, त्यावर बुरशी चढली, आणि दुसरें कांहीं नसल्यामुळें गरीब आदिवासी कुटुंबांनीं तोच खाल्ला. कावीळ व जलोदर होऊन सुमारें ४०० माणसें आजारी पडलीं. पैकीं १०० हून अधिक दगावलीं. त्याच घरांतील उष्ट्यावर वाढलेलीं कुत्रींही मेलीं. या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. भाकरी कितीही खरपूस भाजली तरी तें चुलीच्या आंचेनें जात नाहीं. येवला-मालेगांवकडे आतां मका पुष्कळ होतो. भिजलेलें पोतें "धर्मादायास चालेल" म्हणून बाजूस काढण्याची रीत कोठें असेल (आणि मीं आलेलीं पोतीं स्वतः उघडलीं आहेत) तर ती सोडावी. असा दाणा गुरांसही घालूं नये. त्याचा अंश दुधांतून मुलांच्या वाटींत उतरतो.

दुसरी गोष्ट पूर्व विदर्भांतील लाखेच्या डाळीची. अवर्षणांत सर्व पिकें बुडालीं तरी लाख तगते, आणि तेथेंच घात होतो. महिनोन् महिने तीच खाल्ल्यास पाय कायमचे लुळे पडतात. सागर प्रांतांतील असे पांगळे लोक स्लीमन साहेबांनीं १८४४ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत नोंदले आहेत. १९६१ सालीं तिच्या विक्रीस बंदी झाली. महाराष्ट्रानें ती २००८ सालीं उठविली. मूठभर खाल्ल्यानें कांहीं होत नाहीं, हें खरें. पण दुष्काळांत ती मूठभर राहत नाहीं. गरम पाण्यांत भिजवून तें पाणी फेकल्यास विषाचा बराच भाग निघून जातो. तरीही मदतीच्या शिध्यांत तूर वा हरभरा द्यावा, लाख देऊं नये.

आतां पाणी. उकळलें म्हणजे शुद्ध झालें, असा आपला समज आहे. जंतु मरतात खरे. परंतु खोल विंधन विहिरींतील फ्लोराइड, किंवा शेतांत घातलेल्या खतापासून विहिरींत झिरपलेलें नायट्रेट उकळण्यानें जात नाहीं. उलट पाणी आटून त्यांचें प्रमाण वाढतें. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांनीं फ्लोराइडनें डागळलेले दांत व आंखडलेलीं हाडें पाहिलीं आहेत. लिटरमागें फ्लोराइड दीड व नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. दोहोंसही रंग नाहीं, वास नाहीं. यासाठीं सिन्नर, नांदगांव, चांदवडकडे टँकर ज्या विहिरीवर भरतो, तिचें पाणी आधीं तपासून मगच भाडें द्यावें.

टँकरचें पाणी ज्या निळ्या पिंपांत सांठवितात, तीं पुष्कळदां जुन्या बाजारांतलीं असतात. पूर्वीं त्यांत काय होतें, हें विकणारासही सांगतां येत नाहीं. आणि फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे, ज्यांवर तांबडा, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो, ते द्राक्षबागाईतदारांनीं भोंके पाडून निकामी करावे. कितीही धुतले तरी ते पिण्याच्या पाण्याचे होत नाहींत.

तेव्हां मागणें इतकेंच: उन्हांत वाळविलेला कोरडा दाणा, पिण्याच्या पाण्यासाठींच केलेल्या नव्या टाक्या, पाणीतपासणीचा खर्च, आणि ब्लीचिंग पावडर. १००० लिटर पाण्यास ती अडीच ग्रॅम पुरते. मिसळल्यावर तासभर थांबावें. मात्र उघडी राहिल्यास तिचा जोर जातो, म्हणून बंद पिशव्याच धाडाव्या. भांडारांत येणाऱ्या प्रत्येक पोत्यांत हात घालून पाहिलें जाईल. ओलें निघाल्यास तें परत पाठविण्यांत येईल, त्याचा दात्यांनीं राग मानूं नये.