मुलींचे गणित



रँग्लर परांजपे हे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १८९९ साली ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. पण त्याच परीक्षेत १८९० साली फिलिपा फॉसेट ह्या विद्यार्थिनीने पहिल्या आलेल्या तरुणापेक्षाही अधिक गुण मिळविले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. ती 'सीनियर रँग्लरच्या वर' असे जाहीर झाले. किताब मात्र त्या तरुणाचाच राहिला. स्त्रियांना तेथे पुरी पदवी मिळू लागली ती १९४८ पासून!

इतके होऊनही, मुलींचे डोके भूमितीत चालत नाही, हा समज काही जात नाही. त्या संबंधात एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. मेघालयात खासी आणि कारबी हे समाज जवळजवळ नांदतात. कारबींत जमीनजुमला मुलाकडे जातो, तर खासींत धाकट्या मुलीकडे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हीकडच्या स्त्रीपुरुषांना चार तुकडे जुळवून चित्र पुरे करावयास दिले होते. कारबी पुरुषांनी ते आपल्या स्त्रियांहून लवकर जुळविले. खासींत मात्र तसा फरक दिसला नाही. प्रांत तोच, कोडेही तेच. घरातील मुलीचे स्थान तेवढे निराळे. एका कोड्यावरून सारे गणित सिद्ध होत नाही, हे शिक्षक ह्या नात्याने मलाही मान्य आहे. पण दोष डोक्याचा आहे असे म्हणणाराने आता पुरावा आणावा.

माझ्या वर्गात सातवीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने, कधी पुढेही असतात. नववीत प्रमेये येतात, आणि त्याच सुमारास घरी मुलाला शिकवणी लागते व मुलीच्या हाती पोळपाट येतो. आमच्या मोहल्ल्यात हेच, तुमच्या आळीतही हेच. ह्या एका बाबतीत आपली एकी वाखाणण्यासारखी आहे! मग दहावीला तिला चार गुण कमी पडले, की ते बुद्धीच्या खाती मांडावयाचे.

शिष्यवृत्ती बहुधा दहावीच्या निकालानंतर दिली जाते. तोवर फार उशीर झालेला असतो. न्यासाने ह्या वर्षापासून नववीच्या मुलींच्या गणिताच्या शिकवणीचा खर्च उचलावा, अशी माझी विनंती आहे. पालकांना अट एकच घालावी: रोज सायंकाळी एक तास मुलीला घरचे काम सांगावयाचे नाही. ती पाळली जाते की नाही, ह्याची पाहणी विश्वस्तांच्या घरांपासून सुरू करावी.