जाड रेघ, बारीक रेघ

वेरुळचें कैलास लेणें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं वरून खालीं खोदलें गेलें. मागचा कडा सुमारें १०७ फूट उंच. अशा वास्तूचा छेद काढतांना कोठें खडक कापला आणि मागें नुसतें काय दिसतें, हें रेघेची जाडीच सांगते. कापलेला खडक जाड रेघेचा, पलीकडचे खांब बारीक रेघेचे. फर्ग्युसन व बर्जेस यांनीं १८८० सालीं लेण्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. त्या काळीं हें सारें ड्राफ्ट्समनच्या हातांत असे.

आज छत्रपती संभाजीनगरचा विद्यार्थी रेव्हिटसारख्या संगणक-प्रणालींत रेघांना १ ते १६ क्रमांक देतो. प्रत्येक क्रमांकाची जाडी प्रमाणानुसार निराळी ठेवतां येते. ती न ठेवली, तर १:५० ला शोभणारी रेघ १:२०० च्या कागदावर कोरीव काम बुडवून टाकते. चित्र लहान होतें, रेघ होत नाहीं.

कैलासाची अडचण मात्र याहून मोठी. यंत्र भिंत, खांब, छत असे सुटे भाग रचतें आणि छेदांत त्यांच्यामध्यें रेघ ओढतें. अखंड पाषाणांत नसलेला सांधा कागदावर उमटतो! तेव्हां भागांना एकच द्रव्य नेमून ते जोडावे लागतात. तरी उरलेली रेघ हातानें अदृश्य करावी लागते.

पडद्यावर 'बारीक रेघा' ही सोय चालू असेल, तर जाडीचा भेद दिसतच नाहीं. कडा कोणता नि खांब कोणता, हें मग छापील कागद हातीं आल्यावरच कळतें.