डोंगरगाणी आणि त्यांचे धनी

अमेरिकेतील कंट्री संगीताविषयी आपल्याकडील सुशिक्षित रसिक बोलतो ते बहुधा अनुकंपेने. तीन-चार स्वरमेळांवर उभी केलेली चाल, आई, आगगाडी, तुरुंग, दारू आणि दुरावलेली प्रेयसी एवढेच विषय, आणि आवाज तर बव्हंशी नाकातून आलेला. यात ऐकण्यासारखे ते काय, असा त्याचा प्रश्न असतो. हे सारे आक्षेप मला मान्य आहेत, आणि तरीही गेली वीस वर्षे हे संगीत मी आवडीने ऐकत आलो आहे. आवडीचे समर्थन करीत बसू नये असे म्हणतात. म्हणून समर्थन बाजूला ठेवून ही गाणी आली कोठून, आणि ती नेमकी कुणाची, एवढेच आज सांगावे म्हणतो.

टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचे गाव आहे. सीमारेषा त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. 1927 सालच्या जुलैअखेरीस व्हिक्टर कंपनीच्या वतीने राल्फ पीर नावाचे गृहस्थ ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन तेथे उतरले आणि एका रिकाम्या इमारतीत त्यांनी आपले बस्तान मांडले. सुरुवातीस फारसे कोणी फिरकेना. मग स्थानिक वृत्तपत्रात अशी बातमी आली की, अर्नेस्ट स्टोनमन या गायकाला आदल्या वर्षी तबकड्यांपासून 3,600 डॉलर मिळाले. डोंगरातल्या माणसाला ही रक्कम स्वप्नातलीच होती. दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. 5 ऑगस्टपर्यंत 19 गायक-वादक मंडळांची 76 गाणी मुद्रित झाली.

त्या रांगेत दोन नावे अशी होती की, त्यांच्यामुळेच आज ब्रिस्टलचे नाव राहिले आहे. पहिले कार्टर कुटुंबाचे. ए. पी. कार्टर, त्यांच्या पत्नी सारा, आणि अठरा वर्षांच्या, गर्भवती असलेल्या भावजय मेबेल, ही मंडळी कच्च्या डोंगरी रस्त्यांनी मोटारीतून आली होती. दुसरे नाव जिमी रॉजर्स यांचे. हे आगगाडीवरचे ब्रेक्समन. क्षयाने नोकरी सुटलेली. आदल्या दिवशी साथीदारांशी बिनसले म्हणून 4 ऑगस्टला एकटेच गिटार घेऊन गायले. पुढे सहाच वर्षे ते जगले. 1933 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये दोन गाण्यांच्या मधल्या वेळात खाटेवर पडून विश्रांती घेत त्यांनी अखेरचे ध्वनिमुद्रण केले आणि दोन दिवसांनी ते वारले. वय अवघे 35.

आता यातील व्यवहार पाहू. पीर प्रत्येक गाण्याचे 50 डॉलर रोख देत. परंतु त्यांची खरी मिळकत गाण्याच्या हक्कांत होती. गाणे नवे असेल, किंवा नवे म्हणून नोंदवता येईल, तरच त्यावर हक्क सांगता येणार. आजीकडून ऐकलेले जसेच्या तसे गायले तर हक्क कोठून आणायचा? तेव्हा कोणी न नोंदवलेली जुनी गाणी शोधणे, त्यांना थोडे इकडेतिकडे करणे आणि आपल्या नावावर चढवणे, हा ए. पी. कार्टर यांचा उद्योगच झाला. खेड्यापाड्यांतून ते हिंडत, म्हाताऱ्यांपुढे बसत, शब्द उतरून घेत. या उद्योगाला मी चोरी म्हणणार नाही. ते हिंडले नसते तर त्यातली कितीतरी गाणी त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेली असती. पण तबकडीवर नाव छापले गेले ते कार्टर यांचे. आपला शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफून ठेवी. ते नाव काढायचे तर गाणेच मोडावे लागे. डोंगरातल्या गाण्यांना अशी कडी नव्हती.

हे संगीत आपल्या देशात अनेक वाटांनी आले. त्यातील घसरत्या सुरांची स्टील गिटार मूळची हवाई बेटांवरची. तेथलेच ताउ मो हे वादक 1940 च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यास राहिले होते. मींडेवर प्रेम करणाऱ्या आपल्या लोकांना हे वाद्य परके वाटले नाही, याचे मला नवल वाटत नाही. जिम रीव्हज यांचा मखमली आवाज तर गोव्यात, वसईत, वांद्र्यात नाताळच्या दिवसांत घरोघरी ऐकू येई. रीव्हज 1964 मध्ये विमान अपघातात वारले, पण आपल्याकडे त्यांच्या ध्वनिफिती त्यानंतर कितीतरी वर्षे खपत राहिल्या.

मला स्वतःला या संगीताची खरी ओळख झाली ती शिलाँगला. नोकरीच्या निमित्ताने 2008 ते 2011 ही तीन वर्षे मी तेथे होतो. आमच्या कार्यालयात निवृत्तीला आलेले एक खासी अधीक्षक होते. सारे त्यांना 'बाह' म्हणत. आपल्याकडे 'दादा' म्हणावे तसे. टिपणी लिहिण्यात अतिशय काटेकोर, शब्द मोजून वापरणारे. शनिवारी संध्याकाळी मात्र त्यांच्या घरी तीन-चार वादक जमत. एक सुतारकाम करणारा, एक शाळामास्तर, एक टॅक्सी चालवणारा. बाहेर पाऊस, आत कोळशाची शेगडी, लाल चहा, आणि मध्ये बाहंची जुनी गिटार. गाणी अमेरिकेची असत, मधूनच एखादे खासी भाषेतले येई, आणि कोणते कोठे संपले हे मला पहिले काही महिने कळतच नसे. मुंबईतल्या मोठमोठ्या मैफिली मी ऐकल्या आहेत, परंतु त्या चौघांच्या बैठकीत जो निवांतपणा होता तो मला पुन्हा फारसा कोठे भेटला नाही. सुतारदादांचा आवाज तर असा की, गाणे संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलत नसे.

बाहंच्या वादनात एक गोष्ट मला दिसे. अंगठ्याने ते खालच्या सुरांच्या जाड तारांवर चाल वाजवीत आणि उरलेल्या बोटांनी बारीक तारांवर ताल धरीत. एकच गिटार, पण दोघे वाजवीत आहेत असे वाटे. 'हे कुणाकडून शिकलात?' म्हणून मी एकदा विचारले. 'मामाकडून,' ते म्हणाले. खासी समाजात घराणे आईकडून चालते, त्यामुळे मामाचा मान मोठा. 'आणि मामा?' 'मामा रेडिओवरून. सुई कुठे लावायची ते त्याला बरोबर ठाऊक असे.'

ही रीत मेबेल कार्टर यांची आहे हे मला पुढे वाचनातून कळले. मी बाहंना ते सांगितले. त्यांनी मेबेल यांचे नाव ऐकले नव्हते. त्यांनी ते एका कागदावर लिहून घेतले, आणि मग विचारले, 'आणि त्यांना कुणी शिकवले?'

मूळ रीत मेबेल यांनी ब्रिस्टलला जाण्यापूर्वीच बसवली होती. पण पुढे ज्यांच्याकडून त्यांच्या बोटांनी पुष्कळ घेतले, त्यांचे नाव लेस्ली रिडल. ब्रिस्टलपासून फार दूर नसलेल्या किंग्जपोर्टचे हे कृष्णवर्णीय वादक. सिमेंटच्या कारखान्यात झालेल्या अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. गिटार हातात आली ती त्या दुखण्यात. कार्टर यांच्याशी ओळख झाल्यावर ते त्यांच्याबरोबर गाणी गोळा करीत हिंडू लागले. कार्टर शब्द उतरून घेत, पण चाल त्यांच्या ध्यानात राहत नसे. ती रिडल डोक्यात साठवून आणीत आणि घरी सारा व मेबेल यांना वाजवून दाखवीत. वर्णभेदाच्या त्या काळात एकट्या गोऱ्या माणसाला कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली गाणी मिळणे कठीण होते. रिडल बरोबर असल्याने दारे उघडत. 'कॅननबॉल ब्लूज' हे प्रसिद्ध गाणे मेबेल यांना मिळाले ते त्यांच्याकडूनच. कार्टर कुटुंबाच्या तबकड्यांवर मात्र त्यांचे नाव कोठेही नाही.

असे रिडल एकटेच नव्हेत. नॅशव्हिलच्या नभोवाणी केंद्रावरील 'ग्रँड ओल ऑप्री' हा या संगीताचा सर्वांत नामांकित कार्यक्रम. 1927 मध्ये त्याला हे नाव पडले त्या रात्री नामकरणानंतर पहिले वादन झाले ते डिफर्ड बेली यांच्या माउथ ऑर्गनचे. धावत्या आगगाडीचा आवाज ते हुबेहूब काढीत. दौऱ्यावर त्यांच्या नावावर गर्दी जमे, पण गोऱ्या साथीदारांच्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. 1941 मध्ये नभोवाणी केंद्रे आणि गीतहक्कांची संस्था यांच्यात तंटा लागला, बेलींच्या ठेवणीतल्या चाली वाजवण्यास बंदी आली, आणि त्याच वर्षी त्यांना कार्यक्रमातून काढण्यात आले. ज्यांनी त्यांना पुढे आणले त्या कार्यक्रमप्रमुखांनी पुढे छापील पुस्तिकेत त्यांच्यावर आळसाचा ठपका ठेवला. हा आळशी माणूस त्यानंतर कितीतरी वर्षे नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालवून जगला. ते 1982 मध्ये वारले. कंट्री संगीताच्या सन्मानदालनात त्यांचे नाव लागले 2005 मध्ये. हँक विल्यम्स यांना लहानपणी गिटार शिकवणारे रूफस पेन हे रस्त्यावर गाणारे वादक तर 1939 मध्ये निष्कांचन अवस्थेत वारले. शिष्य जगप्रसिद्ध झाला तो त्यांच्या मागे.

रिडल पुढे न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी गेले आणि त्यांनी वादन सोडून दिले. 1960 च्या दशकात माइक सीगर या लोकसंगीताच्या संग्राहकाने त्यांना शोधून काढले. सीगर यांच्या आग्रहाखातर त्यांनी पुन्हा गिटार धरली. त्यानंतरच्या काही वर्षांत सीगर यांनी त्यांचे गाणे वेळोवेळी मुद्रित केले. त्यांची ध्वनिमुद्रिका 1993 मध्ये निघाली, तेव्हा ते हयात नव्हते. मी तिची एक प्रत मिळवली आणि शिलाँगला पाठवली. पंधरा दिवसांनी बाहंचे पत्र आले. मुद्रिका ऐकली, एवढेच त्यात त्यांनी लिहिले होते, आणि दुसऱ्या गाण्यात अंगठा कोठे पडतो ते अजून बसत नाही, सुतार म्हणतो आणखी एकदा लावा.