मोठ्या आतड्याची तपासणी आणि आधीची तयारी
(पालकसभेतील भाषण)



मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर. पण धडा लिहिण्यापूर्वी फळा पुसावा लागतो, एवढे जाणतो. कोलोनोस्कोपीचे, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे तपासण्याचे, तसेच आहे. मळ राहिला तर लहान गाठ नजरेतून सुटते. अशी गाठ पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकते; वेळीच दिसली तर पुष्कळदा त्याच वेळी काढता येते. म्हणून लाज सोडून बोलू या.

घरचे एरंडेल किंवा इसबगोल येथे पुरत नाही. इसबगोलाचा गर तर आतड्यातच राहतो. डॉक्टर प्रामुख्याने तीन औषधांतून निवड करतात.

पहिले पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ही भुकटी २ ते ४ लिटर पाण्यात घ्यावी लागते. चव खारट, प्रमाण मोठे. परंतु शरीरातील पाणी व क्षार फारसे ढळत नाहीत. दुसरे सोडियम पिकोसल्फेट व मॅग्नेशियमचे मिश्रण. ते थोडे व चवीला बरे. मात्र वर भरपूर पाणी प्यावे लागते आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास ते टाळतात. तिसरे सोडियम फॉस्फेट. तेही थोडेच, पण त्याने मूत्रपिंडास इजा होऊ शकते. २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा कडक इशारा दिला. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध आणू नये.

औषध कोणतेही असो, वेळ महत्त्वाची. सगळे आदल्या रात्री संपवल्यास सकाळपर्यंत आतड्यात पुन्हा चिकट रस उतरतो. म्हणून साधारणपणे अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीपूर्वी ४ ते ६ तास सुरू करून निदान २ तास आधी संपवतात. पेठेतील वाड्यात शौचालय सामाईक असेल, किंवा कोंढव्याहून शहरात यायचे असेल, तर ती रात्र रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे काढावी.

आदल्या दिवशी भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू, तीळ वर्ज्य. डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त पाणी, शहाळे, बिनदुधाचा चहा. लाल सरबत नको. आत ते रक्तासारखे दिसते. मधुमेहाची, रक्त पातळ करण्याची व लोहाची औषधे चालू असल्यास ते आधीच सांगावे.

शौचास फिकट पिवळे, पाण्यासारखे होऊ लागले म्हणजे तयारी झाली. तसे न झाल्यास संकोच न करता डॉक्टरांना सांगा. तपासणी पुढे ढकलली तरी चालेल. गाठ नजरेतून सुटता कामा नये.