वीस तारीख



मागच्या स्नेहमेळाव्याला मी आलो नव्हतो. ग्रुपवर ‘ऑडिट आहे’ असं टाकलं होतं. ऑडिट वगैरे काही नव्हतं. जीएसटी थकल्यामुळे माझं बँक खातं गोठवलं होतं.

वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे, हे तुम्ही जाणताच. २०२२ च्या दिवाळीआधी एका ग्राहकाचं मोठं बिल अडकलं. आता गंमत बघा, पैसे मिळोत न मिळोत, बिल फाडलं की त्यावरचा कर देणं लागतो. त्यात कामगारांचा बोनस, मशीनचा हप्ता. बाकीच्या बिलांवर वसूल केलेला करही मी त्यात वापरला. तो पैसा माझा नव्हता, सरकारचा होता. हे मला पक्कं माहीत होतं. पुढच्या महिन्यात भरू म्हटलं. पण पूर्ण कर भरल्याशिवाय थ्रीबी दाखल होत नाही, आणि मागचा महिना राहिला की पुढचाही अडतो. व्याज वर्षाला १८ टक्के.

मला वाटायचं, ही गोष्ट मी आणि माझा सीए, दोघांतच आहे. कसलं काय! माझा जीएसटी नंबर माझ्याच प्रत्येक बिलावर छापलेला. तो पोर्टलवर टाकला की कोणता महिना कधी भरला, हे कुणालाही दिसतं. थकबाकीचा आकडा दिसत नाही एवढंच. शिवाय मी विवरणपत्र भरलं नाही की माल घेणाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे सगळ्या ग्राहकांना आधीच कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त घरी. नोटिसा ई-मेलवर यायच्या, मी उघडायचोच नाही. मुलीच्या फीचा चेक परत आला, तेव्हा बायकोला समजलं.

पाटल्या तिने मुकाट्याने काढून दिल्या. एवढंच म्हणाली, “पैशांचं जाऊ द्या. सहा महिने माझ्याशेजारी बसून जेवत होतात.”

यावर मला आजही उत्तर सुचत नाही.

प्लॉट विकला, पाटल्या गहाण ठेवल्या आणि व्याजासकट सगळं भरलं. खातं मोकळं झालं. पाटल्या मात्र गेल्या वर्षी सुटल्या.

आपल्या वर्गातला एक जण माझ्या ग्राहक कंपनीत खरेदी विभागात आहे. त्याने तेव्हा माझ्या बिलातले करापुरते पैसे रोखले होते. मला राग आला होता. पण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. ग्रुपवर माझं ‘ऑडिट’ वाचून तो एक अक्षर बोलला नाही. आज तो समोर बसलाय, नाव घेत नाही.

आता दर महिन्याच्या वीस तारखेला सकाळी त्याचा फोन येतो, “भरलं का रे?” त्याच्याआधी घरातून विचारणा झालेली असते.