घसरत्या मोटारीची विद्या

मोटार घसरली, हे वाक्य सामान्यतः अपघाताच्या वृत्तातच वाचावयास मिळते. घसरणे म्हणजे चालकाच्या हातून सत्ता निसटणे, अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि ती पुष्कळ अंशी खरीही आहे. परंतु ज्या हलक्या, चपळ मोटारीच्या मागच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते, ती मोटार वळणावर बुद्धिपुरस्सर घसरवावयाची आणि घसरत असतानाच तिला इच्छित रेषेवरून न्यावयाचे, अशी एक विद्या गेल्या अर्धशतकात जपानमध्ये वाढीस लागली. तिला ड्रिफ्टिंग म्हणतात. तिची चलच्चित्रे आता घरोघर पाहिली जातात. ती पाहिलेला तरुण डहाणू तालुक्यातील चिखले गावच्या समुद्रकिनारी उभा राहिला आणि ओहोटीने उघडी पडलेली सपाट, ओलसर वाळू त्याने पाहिली, तर त्यास मोह पडणे स्वाभाविक आहे. तो मोह कितपत योग्य, याचा निर्णय करण्यापूर्वी ती विद्या समजून घेणे इष्ट होय.

टायरची जमिनीवरील पकड ही गृहस्थाच्या मासिक प्राप्तीसारखी असते. रक्कम ठरलेली, ती वेग वाढविण्यात खर्चावी, ब्रेक लावण्यात खर्चावी किंवा वळण घेण्यात खर्चावी. एका खात्यात अधिक गेले की दुसऱ्यास कमी पडते. ज्या मोटारीत पुढची चाके वळवितात आणि मागची ढकलतात, तीत हे दोन खर्च निरनिराळ्या चाकांवर वाटलेले असतात. वळणात असताना चालकाने ॲक्सिलरेटर जोराने दाबला, तर मागच्या टायरांची सारी पकड ढकलण्यातच संपते, बाजूस धरून ठेवण्यास काही उरत नाही आणि मोटारीचा मागचा भाग वळणाच्या बाहेर सरकू लागतो. त्या क्षणी पुढची चाके घसरणीच्या दिशेने वळवावयाची आणि ॲक्सिलरेटर इतक्याच प्रमाणात धरावयाचा, की मागचा भाग फारसा पुढेही येऊ नये व एकदम सावरूही नये. याच समतोलाचे नाव ड्रिफ्ट.

मुंबईकरांस मागच्या चाकांची मोटार अपरिचित नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी त्याच जातीची होती. 2023 सालच्या ऑक्टोबरात त्या टॅक्सीचा मुंबईच्या रस्त्यांवरील अंमल संपला. पावसाळ्यात वळणावर तिचा मागचा भाग कसा हलके सरके, हे जुन्या टॅक्सीचालकांस ठाऊक असे. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढचीच चाके ओढतात. शिवाय अनेक मोटारींत घसरण सुरू होताच एकेका चाकास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. ती 1995 साली प्रथम एका जर्मन मोटारीत आली. तिने असंख्य प्राण वाचविले, हे निर्विवाद. मात्र तिच्यामुळे पकडीची सीमा कोठे आहे, याची जाणीव चालकास सहसा होतच नाही.

जपानमध्ये 1970 नंतरच्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी नावाच्या शर्यतपटूने वळणावर घसरत जाण्याची आपली शैली लोकप्रिय केली. ती पाहून केइची त्सुचिया या तरुणाने डोंगरातील घाटरस्त्यांवर सराव केला. 1983 साली निघालेली टोयोटाची एक लहान, हलकी, मागच्या चाकांची मोटार त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. 1987 साली त्याच्या चालनाची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि ही विद्या देशभर पसरली. पुढे 2001 सालापासून जपानमध्ये आणि 2004 सालापासून अमेरिकेत तिच्या नियमित स्पर्धामालिका सुरू झाल्या. त्यांत वेळेपेक्षा घसरणीचा कोन, रेषा आणि डौल यांस गुण मिळतात. ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की जी विद्या अंधाऱ्या घाटात जन्मली, तिला मान मिळाला तो कुंपण घातलेल्या मैदानात आल्यावर.

ही विद्या शिकण्याचा क्रम साधा व कंटाळवाणा आहे, आणि त्यातच तिचे मर्म आहे. प्रथम मोकळ्या, बंदिस्त फरसबंदीवर पाणी सोडून दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखतात. कोरड्या जमिनीचा घर्षणांक 0.7 धरला, तर त्या वर्तुळावर पकड सुटते ती ताशी सुमारे 30 किलोमीटर वेगास. ओलाव्याने घर्षणांक निम्मा झाला, तर सुमारे 21 किलोमीटरसच. म्हणजे सायकलस्वाराच्या वेगात सारा पाठ घेता येतो, आणि चूक झाली तरी मोटार स्वतःभोवती फिरून थांबते. वर्तुळ साधले की आठाचा आकडा. तो साधला की एका वळणाची घसरण दुसऱ्या वळणात उतरविणे. दृष्टी मोटारीच्या नाकावर न ठेवता जेथे जावयाचे तेथे ठेवावी, हा या शिक्षणातील पहिला आणि सर्वांत अवघड नियम. डोळा जिकडे, हात तिकडे.

आता चिखले येथील किनाऱ्याचा विचार करू जाता, हा क्रम तेथे पाळणेच अशक्य आहे, असे दिसून येते. वाळूची पकड पावलागणिक बदलते. येथे घट्ट, तेथे भुसभुशीत. ज्या भूमीचा घर्षणांक क्षणोक्षणी बदलतो, तेथे हाताला कोणताच पाठ पक्का होत नाही. आडवी सरकणारी मोटार मऊ वाळूत रुतली, तर उलटण्याचाही संभव असतो. खंबायतच्या आखाताकडे जावे तसतशी भरती-ओहोटीतील तफावत वाढत जाते. डहाणूच्या सपाट किनाऱ्यावर पाणी दूरवर ओसरते आणि तितकेच दूरवर परत येते. रुतलेली मोटार काढण्यास समुद्र सवड देत नाही. शिवाय ती वाळू कोणा एकाची नव्हे. तेथे मुले खेळतात, कोळी बांधवांचा राबता असतो, आणि वाळूच्या बिळांत खेकड्यांचा संसार चाललेला असतो. डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून घोषित झाला, तो अशाच गोष्टी जपाव्यात म्हणून. सार्वजनिक रस्ता तर त्याहून वर्ज्य. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमाने शासनाच्या परवानगीवाचून सार्वजनिक जागी वेगाच्या शर्यती व चाचण्या करणे दंडनीय ठरविले आहे.

येथे एक प्रश्न उरतो. तलासरीवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पहिल्या पावसात तेल, धूळ व पाणी यांचा निसरडा थर होतो. तेथे मोटार घसरली, तर ही विद्या उपयोगी पडणार नाही काय? याचे उत्तर नॉर्वे देशाच्या अनुभवातून मिळते. तेथे 1979 साली नव्या चालकांस निसरड्या रस्त्यावर मोटार सावरण्याचे शिक्षण सक्तीचे करण्यात आले. पुढील पाहणीत तरुण पुरुषांचे अपघात घटण्याऐवजी वाढलेले आढळले. हाती आलेल्या कौशल्यापेक्षा त्या कौशल्याचा विश्वास मोठा झाला होता. तेव्हा शिक्षणाचा रोख बदलण्यात आला. सावरण्यापेक्षा, आपल्यास सावरता येणार नाही अशी वेळ किती लवकर येते, हे प्रत्ययास आणून देणे हा हेतू ठरला.

ड्रिफ्टिंग शिकू पाहणाऱ्या मुलास घरातील वडीलधाऱ्यांनी नुसते दटावून भागणार नाही. मोह दडपला तर तो रात्री निर्जन रस्ता शोधतो. त्यापेक्षा त्यास बंद मैदान, जाणता शिक्षक, शिरस्त्राण आणि ओल्या फरशीवरील ते एकवीस किलोमीटरचे वर्तुळ मिळवून देणे श्रेयस्कर. पायी चालणाऱ्यासही जी गती फार भीतीची वाटत नाही, त्या गतीत आपली मोटार आपले ऐकेनाशी होते, हे त्याने स्वतः एकदा अनुभविले, म्हणजे महामार्गावरील ताशी 80 किलोमीटरचा अर्थ त्यास निराळा सांगावा लागणार नाही. घसरण्याची विद्या ज्यास खरोखर अवगत झाली, तो रस्त्यावर घसरण्याचा प्रसंगच येऊ देत नाही.